‘एग्मोंट’ : शब्दांवांचून सांगितलेली कथा

शब्दांच्या साहाय्यावांचून मनुष्याच्या अंतःकरणाचा ठाव घेण्याचें सामर्थ्य ज्या थोड्या कलांच्या अंगीं आहे, त्यांत संगीताचें स्थान फार वरचें आहे. चित्राला आकृति असते, मूर्तीला देह असतो. परंतु केवळ वाद्यांच्या संगीताला ना आकृति, ना देह, ना अर्थ सांगणारा एकही शब्द. असें असूनही तें ऐकतां ऐकतां कधीं छाती दडपते, कधीं डोळे पाणावतात, तर कधीं जागेवरून उठून ताठ उभें राहावें असें वाटूं लागतें. हें कसें घडतें? “संगीतांत जादू आहे” एवढें बोलून हा प्रश्न बाजूस सारणें अभ्यासू विद्यार्थ्यास शोभणार नाहीं. जादू म्हटली तरी ती कोणीं केली, कोणत्या साधनांनीं केली व कशासाठीं केली, हें पाहिलेंच पाहिजे.

म्हणून या लेखांत आम्हीं पाश्चात्त्य वाद्यवृंदाची एकच लहानशी रचना निवडली आहे. लुडविग व्हान बीथोव्हेन (१७७०–१८२७) या जर्मन संगीतकारानें महाकवि गटे याच्या ‘एग्मोंट’ नाटकासाठीं रचलेलें ओव्हर्चर ती ही रचना होय. ती वाजविण्यास अवघीं आठ-नऊ मिनिटें लागतात; म्हणजे एका संध्याकाळीं अभ्यास सांभाळूनही ती दोनतीनदां ऐकतां येईल. परंतु त्या आठ-नऊ मिनिटांत जुलूम, विनवणी, झगडा, मरण आणि विजय हे सारे भाव एकामागून एक येऊन जातात.

ओव्हर्चर म्हणजे नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वीं वाद्यवृंदानें वाजविलेलें संगीत. आपल्या संगीत नाटकांच्या आरंभीं नांदी होते. तिच्याशीं याचें साम्य आहे तें केवळ जागेपुरतें. नांदींत देवतेचें स्तवन असतें व ती गायिली जाते. ओव्हर्चरांत गायन नाहीं व स्तवनही नाहीं. पुढें जें नाटक घडावयाचें आहे त्याचा भाव प्रेक्षकांच्या मनांत आधींच रुजविणें, हें उत्तम ओव्हर्चराचें कार्य होय. तेव्हां तें समजून घेण्यासाठीं प्रथम त्या नाटकाची व त्यामागील इतिहासाची थोडी ओळख करून घेऊं.

सोळाव्या शतकांत नेदर्लंड्स, म्हणजे स्थूलमानानें आजचा हॉलंड व बेल्जियम हा प्रदेश, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या सत्तेखालीं होता. काउंट एग्मोंट हा तेथील एक थोर सरदार. त्याचा जन्म १५२२ सालचा. १५५७ सालीं सेंट क्वेंटिन येथें व १५५८ सालीं ग्रेव्हलाइन्स येथें फ्रेंचांचा पराभव करून त्यानें आपल्या राजाचें नांव राखिलें होतें. तो स्वतः कॅथॉलिक पंथाचा होता व राजनिष्ठही होता. परंतु प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारणाऱ्या प्रजेस ज्या कठोर शिक्षा होत, त्या सौम्य व्हाव्या व देशाचे जुने हक्क राखले जावे, असें त्याचें म्हणणें होतें. यासाठीं १५६५ सालीं तो स्वतः स्पेनला जाऊन राजास भेटला. पण त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. १५६७ सालीं फिलिपनें आल्बाच्या ड्यूकास सैन्य देऊन नेदर्लंड्सवर धाडिलें. ऑरेंजचा विल्यम हा दूरदर्शी सरदार वेळींच देश सोडून गेला. एग्मोंट मात्र आपल्या सेवेवर व राजाच्या कृतज्ञतेवर विश्वास ठेवून राहिला. ९ सप्टेंबर १५६७ रोजीं त्यास कैद झाली, आणि ५ जून १५६८ रोजीं ब्रुसेल्सच्या मोठ्या चौकांत, काउंट हॉर्न या दुसऱ्या सरदारासह, त्याचा शिरच्छेद करण्यांत आला. ज्या युद्धाचा आरंभ १५६८ सालापासून धरतात व जें संपण्यास १६४८ साल उजाडलें, त्या ऐंशी वर्षांच्या लढ्याच्या उंबरठ्यावर हें मरण उभें आहे.

गटे यानें या कथेवर लिहिलेलें नाटक १७८७ सालीं पुरें झालें व १७८८ सालीं प्रसिद्ध झालें. कवीनें इतिहासांत बराच फेरफार केला आहे. खऱ्या एग्मोंटला पत्नी होती व पुष्कळ मुलें होतीं. नाटकांत त्याच्यावर प्रेम करणारी क्लेर्खेन नांवाची एक साधी, नगरवासी मुलगी कवीनें निर्माण केली आहे. एग्मोंट कैद होतो तेव्हां ती रस्त्यांत येऊन नागरिकांना त्याच्या सुटकेसाठीं हांक देते. पण भयानें कोणीही पुढें येत नाहीं, आणि अखेर ती विष घेते. शेवटच्या रात्रीं तुरुंगांत एग्मोंटचा डोळा लागतो. स्वप्नांत स्वातंत्र्यदेवता येते. तिचा चेहरा क्लेर्खेनचाच असतो व तिच्या हातीं विजयाची माळ असते. तो जागा होतो, बाहेर नगारे वाजत असतात, आणि तो ताठ मानेनें मरणास सामोरा जातो. येथें गटेनें एक विलक्षण गोष्ट केली आहे. पडदा पडत असतां विजयाचें संगीत वाजावें, अशी सूचना त्यानें स्वतःच नाटकांत लिहून ठेविली आहे. शब्दांचा एवढा मोठा स्वामी. परंतु शेवटचें वाक्य त्यानें वाद्यांच्या स्वाधीन केलें!

बावीस वर्षांनंतर तें वाक्य पुरें करण्याचें काम बीथोव्हेनकडे आलें. व्हिएन्ना येथील राजनाट्यगृहाच्या सांगण्यावरून त्यानें १८०९–१० मध्यें या नाटकासाठीं एक ओव्हर्चर व आणखी नऊ संगीतखंड रचिले. तें सर्व संगीत १५ जून १८१० रोजीं नाटकासह प्रथम वाजलें. हा काळ ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १८०९ च्या मे महिन्यांत नेपोलियनच्या तोफांनीं व्हिएन्नावर भडिमार केला व पुढें कांहीं महिने तें शहर फ्रेंच सैन्याच्या ताब्यांत होतें. भडिमार चालूं असतां बीथोव्हेन आपल्या भावाच्या घरच्या तळघरांत कानांवर उशा दाबून बसला होता, असें त्याचा शिष्य रीस याच्या आठवणींत नमूद आहे; कारण त्याची उरलीसुरली श्रवणशक्ति त्या आवाजानें नष्ट होईल ही त्यास भीति होती. त्याच्या बहिरेपणाचें दुःख जुनेंच होतें. १८०२ सालीं भावांना उद्देशून लिहिलेल्या एका पत्रांत, आपण जीव देण्याच्या टोकास गेलों होतों व केवळ कलेनें आपणांस मागें ओढलें, असें त्यानें कबूल केलें आहे. तात्पर्य, परकी सैन्याचा ताबा म्हणजे काय व आशा सुटत चालल्यावर ती पुनः हातीं धरणें म्हणजे काय, हे दोन्ही विषय त्यास पुस्तकांतून शिकावयाचे नव्हते.

आतां प्रत्यक्ष संगीताकडे वळूं. या रचनेसाठीं लागणारा वाद्यवृंद आजच्या मानानें फार मोठा नाहीं. व्हायोलिन, व्हायोला, चेलो व डबल बास हीं तंतुवाद्यें. दोन बासऱ्या, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट व दोन बसून हीं फुंकून वाजविण्याचीं वाद्यें. चार हॉर्न व दोन ट्रंपेट हीं पितळी वाद्यें. आणि टिंपनी म्हणजे नगाऱ्यांची जोडी.

आरंभीं सर्व वाद्यें मिळून एकच स्वर लांबवितात. त्यांत ना गोडवा, ना चाल. जणूं एक जड दार बंद झालें आहे. लगेच तंतुवाद्यें खालच्या सप्तकांत अवजड, थांबत थांबत पडणारे स्वरसमूह वाजवूं लागतात. ही लय साराबांद नांवाच्या स्पेनशीं निगडित असलेल्या संथ नृत्याची आठवण करून देते, आणि म्हणून हीं पावलें आल्बाच्या सैन्याचींच आहेत, असें पुष्कळ जाणकार मानतात. त्यांस उत्तर येतें तें ओबोच्या एकट्या, क्षीण, आर्जवी स्वरांतून. मग क्लॅरिनेट व बसून त्यास साथ देतात. पुनः जड पावलें पडतात, पुनः ती विनवणी होते. एका बाजूस बळ व दुसऱ्या बाजूस केवळ आवाज, असा हा विषम सामना आहे. शब्द एकही उच्चारला गेला नाहीं, तरी कोण दाबतो आहे व कोण दाबला जातो आहे, हें लहान मुलासही कळावें.

यानंतर गति वाढते. व्हायोलिनांत एक लहानशी स्वराकृति पुनःपुनः डोकावूं लागते, आणि तिच्यांतूनच मुख्य द्रुत भाग जन्मास येतो. चेलो वरून खालीं उतरणारी एक अस्वस्थ चाल घेतात. ती पसरत, वाढत सर्व वाद्यवृंदास व्यापते. येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट कान देऊन ऐकावी. आरंभींचीं तीं जड पावलें येथेंही परत येतात. परंतु आतां तीं द्रुत लयींत सांपडलीं आहेत. जो जुलूम आरंभीं पर्वतासारखा अचल वाटला, तो आतां झगड्याच्या प्रवाहांत ओढला गेला आहे. तीच लय, तेच आघात. पण भोंवतालची गति बदलतांच त्यांचा अर्थ बदलला. भाषेंत एकच शब्द निरनिराळ्या वाक्यांत निरनिराळा अर्थ देतो, तसेंच हें आहे.

झगडा शिगेला पोंचतो. पितळी वाद्यें तीच क्रूर लय घणाचे घाव घालावे तशी वाजवितात. तंतुवाद्यें हळू आवाजांत काकुळतीला येतात. पुनः घाव, पुनः काकुळत. मग एकाएकीं व्हायोलिनांचे दोनच स्वर ऐकूं येतात: एक वरचा, एक खालचा, जणूं कांहीं तरी तुटून खालीं पडलें. आणि त्यापुढें? त्यापुढें कांहीं नाहीं. सारा वाद्यवृंद स्तब्ध होतो.

हे दोन स्वर म्हणजे एग्मोंटच्या मानेवर पडलेली तलवार होय, असें परंपरेनें मानण्यांत येतें. परंतु आमच्या मतें या ठिकाणचा खरा आघात त्या दोन स्वरांचा नसून त्यांच्या मागून येणाऱ्या निःशब्दतेचा आहे. सात-आठ मिनिटें ज्या कानांना सतत नाद ऐकण्याची संवय लागली, त्यांस ती क्षणभराची शांतता असह्य होते. त्यानंतर फुंकून वाजविण्याचीं वाद्यें अत्यंत मंद आवाजांत कांहीं स्वर लांबवितात. मृताजवळ उभे असलेले लोक जसे हलक्या आवाजांत बोलतात तसे.

आणि मग तंतुवाद्यांत, ऐकूं येईल न येईल अशा आवाजांत, एक नवी हालचाल सुरू होते. ती पाहतां पाहतां चढते, आणि सारा वाद्यवृंद एकदम उजळून निघतो. ट्रंपेट व हॉर्न ललकारूं लागतात, नगारे दुमदुमतात, आणि शेवटीं दुसरा बासरीवादक पिकोलो नांवाची इवलीशी बासरी ओठांस लावतो; तिचा तीक्ष्ण स्वर सर्वांच्या वर, ध्वजाच्या टोंकासारखा फडकतो. गटेनें मागितलेलें विजयसंगीत तें हेंच. नाटकाच्या अगदीं शेवटीं, एग्मोंट वधस्थानाकडे निघून गेल्यावर, हेंच पुनः वाजतें. म्हणजे प्रेक्षकानें विजयाचें वचन कथेपूर्वींच ऐकिलेलें असतें. मध्यंतरीं सारें दुःख डोळ्यांनीं पाहून झाल्यावर तेंच वचन त्यास आठवण होऊन परत भेटतें.

हा परिणाम कोणत्या साधनांनीं साधला, तें आतां थोडक्यांत पाहूं. पहिलें साधन विरोध: जड आणि क्षीण, मोठा आणि मंद, संथ आणि द्रुत यांची जोडी सतत समोरासमोर ठेविली आहे. दुसरें साधन पुनरुक्ति: एकच लय ठिकठिकाणीं येते, म्हणून ती ओळखीची होते, व ओळखीच्या गोष्टींतला बदल मनास अधिक लागतो. तिसरें साधन स्वरांचें. रचनेचा षड्ज आरंभापासून शेवटपर्यंत मुख्यतः तोच आहे. परंतु आरंभीं त्यावरील स्वर, आपल्या भाषेंत स्थूलमानानें सांगावयाचें तर, आसावरी थाटाप्रमाणें कोमल गंधार, कोमल धैवत व कोमल निषाद असे आहेत, आणि शेवटीं ते बिलावल थाटाप्रमाणें शुद्ध होतात. आमच्या वाचकांपैकीं जे पेटी वाजवितात त्यांनीं षड्ज व पंचम धरून मधला गंधार आधीं कोमल व मग शुद्ध वाजवून पाहावा. एकच पट्टी पुढें सरकते. परंतु झांकोळलेल्या खोलीची खिडकी उघडावी असा फरक पडतो. चौथें साधन तें मौन, ज्याविषयीं वर सांगितलें आहे.

येथें एक प्रश्न विचारी वाचकाच्या मनांत उभा राहील, आणि तो उभा राहिलाच पाहिजे. हा विजय खरा आहे काय? एग्मोंट तर मेला. क्लेर्खेन ही कवीची कल्पना. ऐंशी वर्षांनीं युद्ध संपलें तेव्हां उत्तरेकडील प्रांत स्वतंत्र झाले. पण ज्या ब्रुसेल्समध्यें एग्मोंटचें रक्त सांडलें तें शहर १६४८ नंतरही स्पेनकडेच राहिलें. मग दीड-दोन मिनिटांच्या तुताऱ्यांनीं ऐंशी वर्षांचें दुःख झांकून टाकणें ही फसवणूक नव्हे काय?

आम्हांस असें वाटतें कीं, बीथोव्हेननें विजय वाजविण्यापूर्वीं मरण झांकलें असतें, तर ती फसवणूक ठरली असती. त्यानें तसें केलें नाहीं. त्यानें घाव ऐकविला, त्यानंतरची शांतता ऐकविली, शोकाचे मंद स्वर ऐकविले, आणि मगच उजेड आणिला. दुःखांत असलेल्या मनुष्यास येतांच “रडूं नको, सारें ठीक होईल” म्हणणारा एक मित्र असतो. आणि कांहीं न बोलतां शेजारीं बसून राहणारा, व योग्य वेळीं हात धरून उठविणारा दुसरा मित्र असतो. पहिल्याचें बोलणें खोटें नसलें तरी तें मनास लागत नाहीं. हें संगीत दुसऱ्या मित्रासारखें आहे. उत्तम शुक्रवार टाळून पुनरुत्थानाच्या रविवारीं कोणासही पोंचतां येत नाहीं, हें आमच्या शाळेंतील मुलांना निराळें सांगावयास नको. आणि इतर धर्मांच्या घरांतूनही, शोकाचे दिवस यथाविधि पाळल्यावांचून मंगलकार्यास आरंभ करीत नाहींत.

शिवाय हें विजयसंगीत म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची बातमी नव्हे. तें तुरुंगांतल्या एका मनुष्याचें स्वप्न आहे. म्हणजेच आशा आहे. आशेची परीक्षा ती लगेच फळास आली कीं नाहीं यावरून होत नाहीं, तर तिनें मनुष्यास ताठ उभें केलें कीं नाहीं यावरून होते. १९५६ सालीं हंगेरींतील लोकांनीं परक्या सत्तेविरुद्ध उठाव केला तेव्हां हेंच ओव्हर्चर त्या लढ्याचें जणूं अनधिकृत राष्ट्रगीत बनलें. तो उठाव २३ ऑक्टोबर रोजीं सुरू झाला, आणि ४ नोव्हेंबरपासून सोव्हिएट रणगाड्यांनीं तो चिरडून टाकिला. त्या देशांतून सोव्हिएट सैन्य पुरतें निघून जाण्यास १९९१ साल उजाडावें लागलें. म्हणजे तेथेंही संगीतांतील विजय आधीं वाजला व खरा विजय पस्तीस वर्षांनीं आला. मधल्या काळांत ज्यांनीं तो ऐकिला त्यांस तो खोटा वाटला असेल काय?

आतां विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आमची एक विनंति आहे. आज बहुतेकांच्या घरीं हें संगीत ऐकण्याचें कांहीं ना कांहीं यंत्र आहे. मुंबईस तर २००६ सालीं स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंदही आहे. ‘एग्मोंट’ प्रथम ऐकाल तेव्हां डोळे मिटून, कांहींएक विचार न करतां ऐका. दुसऱ्या वेळीं कागद व पेन्सिल घेऊन बसा. जड पावलें जेथें जेथें परत येतील तेथें खूण करा, आणि ते दोन तुटक स्वर व त्यापुढील शांतता नेमकी हुडकून काढा. तिसऱ्या वेळीं आईवडिलांना शेजारीं बसवा, आणि काय ऐकलें तें त्यांस आपल्या मराठींत सांगा. पालकांसही आमचें सांगणें एवढेंच कीं, मुलानें काय सांगावें तें आधीं सुचवूं नका. त्यास तुरुंग दिसला नाहीं व वादळ दिसलें, तरी तें चुकलें असें नाहीं. वाद्यांना शब्द नसतात, म्हणूनच त्यांच्या स्वरांत प्रत्येकाला आपापलें दुःख ठेवावयास जागा सांपडते.

मात्र एक गोष्ट सर्वांनीं सांभाळावी. शेवटचा भाग फार मनोहर आहे, म्हणून तेवढाच काढून ऐकण्याचा मोह होईल. तो आवरावा. ज्यानें आधींचीं सात मिनिटें सोसलीं नाहींत, त्यास शेवटचीं दोन मिनिटें केवळ मोठा आवाज वाटतील. ज्यानें तीं सोसलीं, त्यास पिकोलोचा तो इवलासा स्वर पुढें पुष्कळ दिवस ऐकूं येत राहील.